माती आणि गाळाचा अभ्यास: खड्ड्यापासून एक्सआरडीच्या आलेखापर्यंत

मातीचा किंवा गाळाचा कुठलाही नमुना घ्या, त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. मूळ खडकाने काय दिलं ही एक, पाण्याने किंवा वाऱ्याने वाहून आणताना त्यातलं काय उचललं आणि काय मागे टाकलं ही दुसरी, आणि कण एका जागी बसल्यावर तिथे त्यांचं पुढे काय झालं ही तिसरी. मशीनला यातलं काहीच वेगळं दिसत नाही, ते एकूण आकडा देऊन मोकळं होतं. ॲल्युमिनियम जास्त आलं तर ते खडक फार कुजल्यामुळे, की नुसते त्या थरात बारीक कण जास्त बसलेत म्हणून, हे त्या आकड्यावरून कळायला मार्गच नाही. म्हणून खाली जे काही लिहितेय ते सगळं एकाच कामासाठी आहे, या तीन गोष्टी जमतील तितक्या सुट्या करायच्या. नुकतंच रिसर्च सुरू केलेल्या मुलामुलींना डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, ज्यांना मशीन चालवायला कोणीतरी शिकवतं पण मशीनच्या आधीचं काम मात्र ज्याचं त्याने शोधून काढायचं असतं.

आधी प्रश्न, तोही एका वाक्यात

"गाळाचा अभ्यास करायचाय" हा प्रश्न झाला नाही. हा गाळ कुठल्या खडकातून आला, तो बसला तेव्हा हवामान किती दमट होतं, हा थर किती जुना आहे, यातलं शिसं बाहेरून आलंय का, हे प्रश्न झाले. आणि प्रत्येकाला वेगळा नमुना लागतो. स्रोत शोधायचा तर बारीक वाळूतली जड खनिजं हवीत, हवामानासाठी २ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालची क्ले, म्हणजे सगळ्यात बारीक चिकणमाती, वयासाठी उजेड न लागलेला नमुना, आणि धातूंच्या प्रदूषणासाठी लोखंडी अवजार न लागलेला नमुना. एक पिशवी भरून आणू आणि मग बघू असं केलं की ल्युमिनेसन्सने (कण शेवटचे उन्हात कधी होते ते सांगणाऱ्या पद्धतीने) वय काढायचा रस्ता तिथल्या तिथे बंद होतो, कारण नमुन्याला ऊन लागून गेलेलं असतं आणि ते परत काढता येत नाही.

खड्ड्यात उतरल्यावर

कापलेली बाजू आधी खरवडून ताजी करा. वाळलेला, पावसाने धुतलेला, मुळं शिरलेला वरचा पापुद्रा पूर्ण निघेपर्यंत तासत राहायचं. मग टेप लावा, फोटो घ्या, वहीत थरांचं चित्र काढा, आणि हे सगळं होईपर्यंत एकही पिशवी भरू नका. एकदा खणायला लागलात की थरांच्या सीमा मोडतात आणि मग चित्र आठवणीतून काढावं लागतं.

पहिला निर्णय हा, की समोर आहे ती माती आहे की नुसता गाळ. मातीचे थर जागच्या जागी तयार झालेले असतात, त्यांच्या सीमा बहुतेक वेळा हळूहळू बदलत जातात, वर काळपट सेंद्रिय भाग, मध्ये क्ले किंवा लोह साठलेला भाग, खाली कुजका खडक. गाळाचे थर एकावर एक येऊन बसलेले असतात, सीमा बऱ्याचदा ठळक असतात, तिरप्या रेषा दिसतात, खाली जाड आणि वर बारीक अशी उतरंड दिसते. मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनीने १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले, हवामान, जीवसृष्टी, उंचसखलपणा, मूळ खडक आणि काळ, आणि ते अजूनही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहेत, कारण यातले चार जवळपास सारखे असलेल्या जागा निवडल्या तरच पाचव्याचा परिणाम मोजता येतो. नदीकाठच्या कापात तर माती आणि गाळ दोन्ही सापडतात, म्हणजे गाळ बसला, त्यावर कित्येक शतकं माती तयार झाली, आणि मग नवीन पूर येऊन ती गाडली गेली.

हा फरक इतका ताणून सांगायचं कारण असं, की खाली जाताना क्ले वाढलेली दिसली तर तिचे दोन पूर्ण वेगळे अर्थ निघतात. एकतर पाण्याबरोबर क्ले वरून खाली उतरून साठली, म्हणजे आपली तिसरी गोष्ट. नाहीतर तो थर बसतानाच बारीक होता, म्हणजे दुसरी गोष्ट. ओळखायचं कसं, तर एक ढेकूळ हाताने हलकेच मोडा, चाकूने कापू नका, ते आपल्या नैसर्गिक भेगेवर फुटलं पाहिजे. फुटलेला पृष्ठभाग दहापट भिंगाखाली धरा आणि उजेडात थोडा तिरका करा. उतरलेली क्ले असेल तर त्या भेगेवर आणि मुळांच्या जुन्या नळ्यांच्या आतल्या बाजूला मेणचट चकाकणारा पातळ लेप दिसतो, ढेकळाच्या आतल्या भागापेक्षा रंगाने जरा गडद. गाळच बारीक असेल तर असा लेप नसतो, आत-बाहेर सगळीकडे एकसारखं दिसतं. एक सावधगिरी मात्र घ्यायची, फुगणाऱ्या क्लेच्या मातीत ढेकळं एकमेकांवर घासूनही चकचकीत पृष्ठभाग तयार होतात, पण त्यावर समांतर ओरखडे असतात आणि लेपावर ते नसतात. या तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि प्रयोगशाळेत भुकटी झाल्यावर हा पुरावा कुठल्याच यंत्राने परत मिळत नाही.

रंग मन्सेल चार्टवर, म्हणजे मातीच्या रंगांच्या प्रमाणित तक्त्यावर, लावा, ढेकूळ ओलं करून, नैसर्गिक उजेडात, गॉगल काढून. नोंद ह्यू (रंगछटा), व्हॅल्यू (उजळपणा), क्रोमा (रंगाची तीव्रता) अशा क्रमाने होते, उदाहरणार्थ १० वायआर ४/३. लाल रंग बहुधा हेमॅटाइट या लोहखनिजाचा, पिवळट तपकिरी गोएथाइट या दुसऱ्या लोहखनिजाचा, आणि करडा किंवा निळसर हिरवा म्हणजे पाणी साचून ऑक्सिजन संपलेला भाग. हा करडा रंग हवा लागली की बदलायला लागतो, त्यामुळे तो उघडल्याबरोबर लिहायचा.

पोत हातानेच बघा. खडे काढलेला गोळा ओला करून मळायचा आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत दाबत पट्टी काढायची. पट्टी अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर क्ले कमी, अडीच ते पाचपर्यंत टिकली तर मध्यम, पाचच्या पुढे गेली तर भरपूर. वाळू बोटाला खरखरते, सिल्ट (वाळू आणि क्ले यांच्या मधल्या मापाचे कण) पिठासारखी गुळगुळीत लागते, क्ले चिकटते. हे शिकायला सरावच लागतो, आणि कणांचं माप घेणाऱ्या लेझर मशीनचा आकडा आल्यावर तो स्वतःच्या अंदाजाशी ताडून पाहत राहिलात तर बोटं हळूहळू बरीच बरोबर सांगायला लागतात.

नमुने खालून वर घ्या. वरून घेतले तर सुटलेली माती खालच्या थरांवर पडते. एका पिशवीत एकच थर, सीमेच्या दोन्ही बाजू एकत्र नकोत. बारीक गाळाला अर्धा ते एक किलो पुरतो, खडे असतील तर बराच जास्त लागतो. लेबल बाहेर आणि आत दोन्हीकडे, आतली चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत आणि पेन्सिलने लिहिलेली, शाई ओलीत पसरते.

वयासाठीचा नमुना घ्यायचा असेल तर अपारदर्शक नळी आडवी ठोकून आत घालायची, गच्च भरेपर्यंत, अर्धी रिकामी राहिली तर कण हलून टोकाचे आणि मधले मिसळतात. दोन्ही टोकांना ऊन लागलेलं असतं, ती टोकं प्रयोगशाळेत लाल दिव्याखाली बाजूला काढतात. शिवाय नळीच्या आजूबाजूची साधारण ३० सेंटीमीटरपर्यंतची माती वेगळ्या पिशवीत घ्या, गॅमा किरण साधारण तेवढ्या अंतरावरून येतात आणि त्यांचा हिशेब नसेल तर वय काढता येत नाही. ओलाव्यासाठी एक हवाबंद डबीही लागते.

वाळवणं, फोडणं, वाटून घेणं

क्ले खनिजं बघायची असतील तर ४० अंशांच्या वर वाळवू नका. ओलावा काढायला १०५ अंश लागतात, पण तो एका छोट्या वेगळ्या भागावर काढायचा आणि तो भाग नंतर टाकून द्यायचा. हॅलॉयसाइट हे क्ले खनिज असण्याची शक्यता असेल तर अजिबात वाळवू नका, ते नुसतं सुकलं तरी थरांमधलं पाणी सोडतं आणि परत भिजवून पहिल्यासारखं होत नाही. सल्फाइड असलेला काळा, वास मारणारा गाळ जागेवरच हवाबंद करून गोठवावा लागतो, नाहीतर हवा लागून त्यात आम्ल तयार होतं, आम्ल कार्बोनेट खातं, जिप्सम बनतं, आणि तुम्ही पिशवीत तयार झालेल्या खनिजाचा अभ्यास करत बसता.

ढेकळं लाकडी किंवा रबरी बत्त्याने मोकळी करायची, कण फोडायचे नाहीत. २ मिलिमीटरची चाळण मारा, वरचे खडे वजन करून ठेवा. आता वाटणी. पिशवी हलवून वरून चमचाभर घेणं ही फार वाईट सवय आहे, कारण हलवलं की बारीक खाली जातं आणि जाड वर येतं. ढीग करा, चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, आणि हवं तेवढं होईपर्यंत परत परत तेच. स्प्लिटर (नमुना सारखा वाटून देणारं साधन) असेल तर फारच छान.

रसायनं: प्रत्येक बाटली काहीतरी काढून घेते

पुस्तकातली कृती डोळे झाकून करू नका. सेंद्रिय पदार्थासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, कार्बोनेटसाठी ॲसिटिक आम्ल-सोडियम ॲसिटेटचं पीएच ५ चं बफर, लोहाच्या ऑक्साइडसाठी मेहरा आणि जॅक्सन यांची १९६० ची सायट्रेट-बायकार्बोनेट-डायथायोनाइट पद्धत, हे तिन्ही ओळीने केले की कण छान सुटतात. पण आधी विचारा की मी आत्ता जे धुऊन टाकतेय तेच तर माझं उत्तर नाही ना. कार्बोनेट चुनखडकाचे वाहून आलेले कण असू शकतात, शिंपले असू शकतात, किंवा मातीत जागेवर तयार झालेल्या गुठळ्या असू शकतात, पहिलं स्रोताबद्दल सांगतं आणि शेवटचं कोरड्या हवामानाबद्दल. म्हणून आधी भिंगाखाली पाहून, लिहून, मग आम्ल.

हायड्रोक्लोरिक आम्ल पटकन काम करतं म्हणून मोह होतो, पण ते क्लोराइट आणि स्मेक्टाइट या दोन्ही क्ले खनिजांना इजा करतं, त्यामुळे क्लेच्या कामाला ते नकोच. पेरॉक्साइड थोडं थोडं घाला आणि मोठा बीकर घ्या, मँगनीजचे ऑक्साइड असतील तर ते जोरात फसफसून बाहेर येतं.

मग मीठ आणि सुटलेले आयन जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा. धुणं पुरलं की नाही हे गाळच सांगतो, नळकांड्यात ढवळून ठेवल्यावर पाणी दहा-पंधरा मिनिटांत स्वच्छ निवळलं आणि तळाशी भुरभुरीत पुंजके बसले तर क्ले अजून गोळा होतेय, परत धुवा. पाणी तासन्‌तास गढूळ राहिलं तर ती सुटली. कणांचं माप घ्यायचं असेल तर शेवटी कण सुटे ठेवायला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला.

कणांचं माप

६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओलंच गाळा. वर राहिली ती वाळू, ती वाळवून चाळण्यांच्या उतरंडीतून काढा. खाली गेलेल्यासाठी पिपेट (ठरलेल्या वेळी ठरलेल्या खोलीवरून थोडं पाणी काढून त्यातल्या कणांचं वजन करणं) किंवा लेझर.

इथे सीमा नीट लिहायच्या. गाळवाले वेंटवर्थचं १९२२ चं वर्गीकरण वापरतात, वाळू ६३ मायक्रॉनच्या वर आणि क्ले साधारण ४ मायक्रॉनच्या खाली. मातीवाल्यांची बरीच मंडळी वाळू ५० च्या वर आणि क्ले २ च्या खाली धरतात. दोन पेपरमधले "क्ले टक्के" शेजारी शेजारी ठेवण्याआधी हे तपासलं नाही तर तुलना फुकट जाते. लेझरचंही तसंच, क्लेचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात आणि लेझर ते गोल धरून मोजतं, त्यामुळे पिपेटपेक्षा क्ले कमी येते. दोन्ही पद्धतींचे आकडे एकाच आलेखात घालू नका.

क्ले वेगळी काढायला स्टोक्सचा १८५१ चा नियम, म्हणजे कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या मापावरून सांगणारा. २० अंश तापमानाला २ मायक्रॉनचा कण १० सेंटीमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो. म्हणजे ढवळा, ठेवा, ८ तासांनी वरचं १० सेंटीमीटर पाणी नळीने हळूच काढा, त्यात २ मायक्रॉनखालचंच राहिलेलं असतं. खोली ३० अंशांची असेल तर पाणी पातळ होतं आणि हाच वेळ सव्वासहा तासांच्या आसपास येतो, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाबरोबर पाण्यातला थर्मामीटरही बघायचा. नळकांडं खिडकीजवळ नको, एका बाजूने ऊन लागलं की आत पाणी फिरायला लागतं.

वाळूतली जड खनिजं: पहिल्या गोष्टीचा पत्ता

६३ ते २५० मायक्रॉनची वाळू घ्या, चुंबकाने मॅग्नेटाइट काढा, मग जड द्रवात टाका. ब्रोमोफॉर्म २.८९ घनतेचं असतं पण विषारी आहे, सोडियम पॉलीटंगस्टेट कितीतरी सुरक्षित. ते फक्त डिस्टिल्ड पाण्यानेच पातळ करा आणि धुवा, साध्या पाण्यातल्या कॅल्शियमने त्यात पांढरा साका तयार होतो आणि महागाचा द्रव खराब होतो. २.६५ चं क्वार्ट्झ वर तरंगतं, झिरकॉन, गार्नेट, रुटाइल, इल्मेनाइट तळाशी.

मायक्रोस्कोपखाली दोनशे-तीनशे कण मोजा. पण लगेच निष्कर्ष नको, कारण इथे दुसरी गोष्ट गुपचूप मध्ये येते. झिरकॉनची घनता ४.६ च्या वर, म्हणून त्याचा छोटा कण क्वार्ट्झच्या मोठ्या कणाबरोबर बसतो. प्रवाहाचा जोर बदलला की झिरकॉनची टक्केवारी बदलते, स्रोत तोच असला तरी. यावर मला पटलेला उपाय म्हणजे घनतेने जवळजवळ सारख्या असलेल्या दोन खनिजांचं गुणोत्तर घेणं. ॲपेटाइट आणि टूर्मलीन ही जोडी चांगली, दोघांची घनता ३.१-३.२ च्या आसपास, त्यामुळे पाणी त्यांच्यात फारसा भेद करत नाही, पण आम्लधर्मी मातीत ॲपेटाइट विरघळतं आणि टूर्मलीन टिकतं. गुणोत्तर घसरलं तर स्रोत बदलला असेल किंवा वाटेत कुठेतरी गाळ मातीत मुरून राहिला असेल. पाण्याची निवड तरी या हिशेबातून वजा झाली.

क्लेची एक्सआरडी: तीन स्लाइड, एकच नमुना

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून खनिज ओळखणं. काढलेली क्ले काचेवर पातळ पसरून वाळवा, म्हणजे पापुद्रे आडवे झोपतात आणि थरांमधलं अंतर ठळक दिसतं. तोच नमुना तीनदा चालवायचा: हवेत वाळलेला, एथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत रात्रभर ठेवलेला, आणि ५५० अंशांना तापवलेला.

पहिल्या आलेखात १४ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), म्हणजे तांब्याच्या क्ष-किरण नळीवर ६.२ अंशांच्या कोनाच्या आसपास, शिखर आलं तर ते स्मेक्टाइट असेल, क्लोराइट असेल किंवा व्हर्मिक्युलाइट असेल. इथेच थांबून नाव लिहून टाकणारे खूप आहेत. ग्लायकॉल दिल्यावर बघा: शिखर डावीकडे सरकून १७ अँगस्ट्रॉमला, ५.२ अंशांना गेलं तर स्मेक्टाइट, द्रवाने थर फुगवले. थोडं सरकलं आणि थोडं मागेच राहिलं तर दोन खनिजं आहेत. न सरकलेल्या भागाचा निकाल तापवल्यावर लागतो: १४ वर टिकलं, उलट जास्त उठून दिसलं, तर क्लोराइट, आणि कोसळून १० कडे गेलं तर व्हर्मिक्युलाइट. इलाइट १० अँगस्ट्रॉमला, ग्लायकॉल द्या की नका देऊ, हलत नाही. केओलिनाइटचं ७ चं शिखर ५५० ला नाहीसं होतं. पण क्लोराइटचंही एक शिखर ७ लाच येतं आणि तापवल्यावर तेही मावळतं, त्यामुळे दोघांना वेगळं करायला २५ अंशांजवळची जोडी बघा, केओलिनाइट ३.५८ ला आणि क्लोराइट ३.५४ ला. हळू स्कॅन केलं तरच ही दोन टोकं सुटी दिसतात, घाईत केलं तर एकच रुंद कुबड येतं.

टक्केवारीसाठी बिस्केचे १९६५ चे गुणांक सर्रास वापरतात, स्मेक्टाइटच्या क्षेत्रफळाला १, इलाइटला ४, केओलिनाइट-क्लोराइटला २. हे अर्धसंख्यात्मक आहेत, एकाच पद्धतीने केलेल्या थरांची आपापसात तुलना करायला ठीक, पण "४३.७ टक्के" असं दशांशात छापणं मला चुकीचंच वाटतं.

रसायनाचे आकडे

दळायला अगेटचा खल घ्या. टंगस्टन कार्बाइडची चक्की टंगस्टन आणि कोबाल्ट सोडते, पोलादाची लोह आणि क्रोमियम. आम्लात विरघळवून मोजणार असाल तर सिलिकेटसाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, ते प्रशिक्षण घेतल्याशिवाय, एकट्याने, किंवा कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसताना कधीच वापरू नका. एवढं करूनही झिरकॉन नीट विरघळत नाही आणि झिर्कोनियम, हाफ्नियम कमी येतात, त्यांच्यासाठी फ्यूजन करा, म्हणजे भुकटी फ्लक्सबरोबर वितळवून घ्या.

किती कुजलंय हे बघायला नेसबिट आणि यंग यांचा १९८२ चा सीआयए (केमिकल इंडेक्स ऑफ ऑल्टरेशन) निर्देशांक: ॲल्युमिनियम ऑक्साइड भागिले ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम ऑक्साइडची बेरीज, गुणिले १००. सगळं मोलमध्ये, वजनाच्या टक्क्यांत नाही, आणि कॅल्शियम फक्त सिलिकेटमधलं. ताज्या ग्रॅनाइटसारख्या खडकाला ५० च्या आसपास येतं, केओलिनाइटला १००.

समजा एका कापात हा आकडा खालून वर ६२ वरून ७४ वर गेला. हवामान दमट होत गेलं असं लिहायच्या आधी त्याच थरांचं ॲल्युमिनियम-सिलिका गुणोत्तर आणि कणांचं माप त्याच्याशेजारी मांडा. तिघंही एकत्र चढत असतील तर बहुधा वरचे थर नुसते बारीक आहेत, क्लेमध्ये ॲल्युमिनियम जास्त असतंच. मग सगळ्या थरांतला एकाच मापाचा भाग, समजा २ मायक्रॉनखालचा, वेगळा काढून त्यावर परत सीआयए काढा. तरीही चढ राहिला आणि एक्सआरडीत इलाइट घटून केओलिनाइट वाढताना दिसलं, तर कुजणं खरंच वाढलंय असं म्हणायला जागा आहे. त्यातही भिंगाखाली क्लेचा लेप दिसलेला थर वगळायचा, कारण तिथली क्ले नंतर वरून आलेली आहे. शिसं, जस्त वगैरे धातूंचंही हेच, ॲल्युमिनियमने भागून मगच थर थराशी ताडा.

वय

कार्बन-१४ साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालतं, पण तारीख कोळशाच्या तुकड्याची मिळते, थराची नव्हे, आणि तो तुकडा जुन्या थरातून धुऊन आलेला असू शकतो. ल्युमिनेसन्स थर शेवटचा उन्हात कधी होता ते सांगतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या गाळाला शिसं-२१० आणि त्याला पडताळणी म्हणून सीझियम-१३७, ज्याचं शिखर अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या आसपास येतं. जिथे किडे, खेकडे गाळ उकरतात तिथे हे शिखर पसरट होतं.

शेवटी नोंदी आणि साठवण

दर दहा नमुन्यांमागे एक डुप्लिकेट, एक रिकामी चाचणी (नमुना न घालता केलेली) आणि एक प्रमाणित संदर्भ नमुना (ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत) चालवा, आणि तिघांचे आकडे पेपरच्या तक्त्यात द्या. कुठल्या क्रमाने कुठलं रसायन दिलं, किती अंशांना वाळवलं, कुठल्या चाळणीची सीमा धरली, लेझर की पिपेट, हे सगळं पद्धतीत लिहा, त्याशिवाय तुमचे आकडे दुसऱ्या कोणाला वापरता येत नाहीत. काहीच न केलेला निदान एक चतुर्थांश नमुना मूळ लेबलसकट बाजूला ठेवा, कोरडा आणि अंधारात, हॅलॉयसाइटवाला ओलाच सीलबंद, सल्फाइडवाला फ्रीझरमध्ये, आणि डबीवर खोली लिहिताना ती जमिनीच्या पृष्ठभागापासून मोजलीय की कापाच्या वरच्या काठापासून तेही लिहा.